काष्टीचा शनिवार आणि घरातली तबकडी

दौंड सोडून नगरच्या रस्त्याला लागले की भीमेचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. पूल ओलांडून थोडे पुढे गेले की श्रीगोंदे तालुक्यातले काष्टी. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, त्या मार्गावर काष्टीचे स्टेशन आहे. आजूबाजूला ऊस आणि मधून मधून लिंबाच्या बागा. पण पंचक्रोशीबाहेर काष्टीचे नाव आहे ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे.

शनिवारी सकाळपासून टेम्पो आणि पिकअप येऊ लागतात. खिलार बैल, गाभण संकरित गाई, म्हशी, शेरडे-करडे, सगळे एका आवारात. कोणी जनावराचे तोंड उघडून दात बघतो. आदत आहे, दुसा आहे की जुळलेला, हे तिथल्या तिथे ठरते. कोणी बैलाला चार पावले चालवून बघतो. कोणी धार काढून बघितल्याशिवाय पुढचे बोलतच नाही. हेड्याच्या गोड बोलण्यावर विसंबून दावे हातात घेणारा शेतकरी इथे विरळाच.

अशाच एका दावणीजवळ एक आजोबा भेटले. गाय विकून झाली होती आणि ते सुनेची वाट पाहत बसले होते. सून बाजारपेठेत गेली होती, तबकडी लावायचे यंत्र मिळते का बघायला. आजोबांच्या लेकीच्या लग्नाची तबकडी घरी ट्रंकेत आहे. घरचे जुने यंत्र बंद पडले आणि आताच्या टीव्हीला तबकडीची सोयच नाही. "हळदीला आमची कारभारीण ओव्या म्हणते, ते त्यात आहे," आजोबा म्हणाले. "तिला जाऊन सहा वर्षे झाली. फोटो भिंतीवर आहे, पण फोटो बोलत नाही. नातवंडांनी आजीचा आवाज ऐकलाच नाही."

मंडळी, अशी तबकडी आज कितीतरी घरांत आहे. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ साली आले. त्यानंतर गावोगाव व्हिडिओ भाड्याने आणायची चाल पडली. वर्गणी काढायची, टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा आणि अंगणात रात्रभर ओळीने तीन सिनेमे पाहायचे. मग लग्नाचे चित्रीकरण सुरू झाले, आधी फितीवर, नंतर तबकडीवर. व्हीसीडीचे माप १९९३ साली ठरले, डीव्हीडी १९९६ साली जपानात निघाली. २००७ साली मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणली आणि तबकडी बाजारहाटाच्या पिशवीतून घरी येऊ लागली. आता सिनेमा मोबाईलवर दिसतो, म्हणून यंत्रे कमी झाली. सिनेमा पुन्हा कुठेही मिळेल, पण घरच्या लग्नाची तबकडी दुसरीकडे कुठे मिळणार?

म्हणून यंत्र घ्यायचे ते काष्टीच्या बाजारात जनावर घेतो तसे, पारखून घ्यावे.

आधी घरातल्या तबकड्या बाहेर काढा. त्या कोणत्या जातीच्या आहेत ते पाहा. व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटे मावतात, म्हणून एक सिनेमा दोन-तीन तबकड्यांत असे. डीव्हीडीत सुमारे दोन तास बसतात. ब्ल्यू-रे ही त्यापुढची जात. डीव्हीडीच्या यंत्रावर ब्ल्यू-रे चालत नाही. ब्ल्यू-रेच्या यंत्रावर डीव्हीडी चालते, पण व्हीसीडी चालेलच असे नाही. तेव्हा घरी लग्नाच्या व्हीसीडी-डीव्हीडीच असतील तर महाग यंत्राच्या मागे लागू नका. या दोन्ही चालवणारे साधे डीव्हीडी यंत्र पुरते.

मग टीव्हीची पाठ पाहा. जुन्या संचाला तीन रंगांच्या वायरी लागतात: पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. नव्या संचाला एचडीएमआयचे चपटे भोक असते. काही नव्या संचांत तीन रंगांसाठी एकच बारीक भोक असते आणि त्याला वेगळी जोडवायर लागते. मोबाईलने टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून दुकानात दाखवला की वायरीसाठी दुसरी खेप पडत नाही.

दुकानात जाताना घरची एक तबकडी बरोबर न्या. मात्र एकुलती एक, मोलाची तबकडी नेऊ नका. ती लावून बघा आणि नुसती सुरुवात पाहून उठू नका. यंत्र तबकडी आतून बाहेर वाचत जाते, म्हणून शेवटचा भागही चालवून पाहावा. जुने यंत्र घेत असाल तर हे धार काढून बघण्याइतकेच गरजेचे.

परदेशातल्या नातेवाइकाने यंत्र देऊ केले तर जपून. अमेरिकेतली वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० ची. शिवाय तिथल्या बऱ्याच यंत्रांवर आपल्याकडच्या तबकड्या चालत नाहीत. आपल्या वस्त्यांवर विजेचा दाब खाली-वर होतो, तेव्हा स्टॅबिलायझर लावावा आणि पाहून झाले की प्लग काढून ठेवावा.

लॅपटॉपला जोडायचे डीव्हीडीचे खोकेही मिळते, पण ते सरळ टीव्हीला जोडून चालेल असे समजू नका. बहुतेक टीव्ही ते ओळखत नाहीत. संगणक असेल तर मात्र ते फार कामाचे, कारण त्यावरून तबकडीची नक्कल काढता येते.

आणि खरे महत्त्वाचे काम तेच आहे. घरी किंवा स्टुडिओत भरलेली तबकडी कायमची नसते. उन्हाने, उष्णतेने तिच्यातला रंगाचा थर खराब होतो. सीडी-व्हीसीडीचा चकाकता थर नावाच्या बाजूला अगदी वर असतो, म्हणून त्या बाजूला बॉलपेनने लिहू नये. तबकडी पत्र्याखाली किंवा खिडकीत ठेवू नये. पुसताना मऊ ओलसर फडक्याने मधून कडेकडे पुसावी, गोल फिरवू नये. फितीवरचे चित्रण असेल तर आणखी घाई करा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ साली ते बनवणे थांबवले. गावात किंवा तालुक्याला स्टुडिओवाला असेल, त्याच्याकडून नक्कल करून घ्या. एक पेनड्राइव्हवर, एक लेकीच्या घरी. मूळ तबकडीही टाकू नका.

आजोबांची सून थोड्या वेळाने आली. यंत्र मिळाले नव्हते, पण दुरुस्तीवाल्याने तिला तबकडी घेऊन यायला सांगितले होते, पेनड्राइव्हवर भरून देतो म्हणून. आजोबांनी गाईचे पैसे पुन्हा एकदा मोजले, त्यातली एक नोट सुनेच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी जनावर नसले तरी आपण येऊ. आणि दोन भरून घे, एक माहेरवाशिणीला."

वाचकहो, तुमच्या ट्रंकेत असे काही असेल तर उसाची तोड सुरू होण्याआधीच बाहेर काढा. नंतर कुणाला वेळ मिळत नाही, आणि तबकडी कुणासाठी थांबत नाही.