पदनाम खाली, हात वर

दुसरी शिफ्ट बंद झाली तेव्हाच सगळे उमगले होते. आम्ही भोसरीत दुचाकींचे गिअर कापतो आणि बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरला पाच-सहा गिअरचा संच लागतच नाही. मंदी असती तर वाट पाहिली असती.

आज कागद काढून बसलो. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा: शेवटचा बेसिक-डीए गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षे. पीएफ काढून गृहकर्जात भरावा, असे हिचे म्हणणे. पण ईपीएसच्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. यूएएन तोच ठेवून खाते वळते केले की जुनी सेवा जोडली जाते. त्याला हात लावायचा नाही, यावर मी अडून बसलो. थोडी धुसफूस झाली.

बायोडेटा मात्र सुचेना. ‘हॉबिंग मशीन ऑपरेटर’ एवढेच लिहिले तर संपलोच. कटर बोथट झालेला मला नुसत्या आवाजावरून कळतो, मायक्रॉनची मापे बोटांत बसली आहेत. हे कुठल्या रकान्यात भरायचे? मोटरच्या शाफ्टलाही टॉलरन्स लागतोच की! शेवटी तेच वर घेतले, पदनाम खाली ढकलले. शनिवारी चाकणला मुलाखत आहे. साहेबांना इतक्यात सांगणार नाही.