खोलता येणारी गाडी

आमच्या बीड जिल्ह्यात गाडी घेणाऱ्याला लोक दोन प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती? आणि मिस्त्री कुठं मिळतो? पहिल्याचं उत्तर चुकलं तर खिसा हलका होतो. दुसऱ्याचं चुकलं तर रात्र रस्त्यावर काढावी लागते.

परळीला रेल्वे जुनीच, पण बीड शहरातून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर बाळंतपण, कोर्टाची तारीख, कॉलेजची ॲडमिशन, ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड, सगळं रस्त्यानंच गेलं. त्यामुळे गाडीचा भरवसा हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही.

माझा थोरला भाऊ याच रस्त्यांवर पोट भरतो. आधी काळी-पिवळी चालवायचा, आता स्वतःची डिझेल गाडी भाड्यानं देतो आणि स्वतःच चालवतो. निम्म्या फेऱ्या पेशंटच्या, संभाजीनगरला किंवा पुण्याला. गाडी चार लाख किलोमीटरच्या पुढं गेली आहे. गेल्या वर्षी तो म्हणाला, "शोरूमवाला हायब्रिड घ्या म्हणतोय. तू वाचत असतोस, सांग बरं." त्या 'सांग बरं'मागं पाच वर्षांचा हप्ता होता आणि पुतणीच्या शिक्षणाचा खर्च होता. म्हणून नीट वाचलं.

आधी शब्दाचाच घोळ निस्तरावा लागला. मारुतीनं २०१५ साली सियाझवर 'एसएचव्हीएस' असा बिल्ला लावला, तोही हायब्रिडच म्हणवला गेला. पण त्यातली छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढत नाही. खरी, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड, आपल्याकडच्या जरा आवाक्यातल्या गाड्यांत आली ती २०२२ साली: होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा. त्यातल्या शेवटच्या दोघी सख्ख्या बहिणी. यंत्रणा टोयोटाची आणि जन्म बंगळुरूजवळच्या बिडदीचा.

कंपन्यांची गणितं वेगवेगळी आहेत. टाटा आणि महिंद्रानं मोठी पैज थेट विजेवर लावली. टोयोटा १९९७ च्या प्रियसपासून हायब्रिडला धरून आहे. तिचा हिशोब १:६:९० असा मांडतात. लांब पल्ल्याच्या एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला जेवढी खनिजं लागतात, तेवढ्यात ६ प्लग-इन हायब्रिड किंवा ९० साध्या हायब्रिड गाड्या होतात. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं आणि ती जागा सीएनजी व हायब्रिडनं भरायला घेतली. सरकारचा कल वेगळाच. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, तर या हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पर्यंत सेससकट ४३ आणि आता ४० टक्के. उत्तर प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये नोंदणी कर माफ केला, तेव्हा तिकडं हायब्रिडचा भाव एकदम उतरला.

पण कंपनीचा हिशोब लाखो गाड्यांचा असतो, भावाचा एका गाडीचा. हायरायडरला कंपनी २७.९७ चं ॲव्हरेज सांगते. हायब्रिडची खरी कमाई थांबत-चालत जाणाऱ्या गर्दीत होते. ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद वीज होऊन बॅटरीत जाते, सिग्नलला इंजिन गप्प बसतं. बीडहून गेवराईमार्गे एका चालीत जाणाऱ्या गाडीला ब्रेक कितीदा लागतो? मांजरसुंब्याचा घाट उतरताना थोडी वीज जमते, पण या गाड्यांतली बॅटरी लहान, ती लवकर भरते. पुण्याच्या रिक्षावाल्याला जो फायदा झाला असता, तो भावाला तेवढा होणार नव्हता.

भरवशाची बाजू मात्र मला वाटलं त्यापेक्षा मजबूत निघाली. टोयोटाच्या रचनेत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. म्हणजे झिजणारे भाग कमी. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३ च्या पाहणीत हायब्रिड गाड्यांच्या तक्रारी पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी निघाल्या. प्लग-इन हायब्रिडच्या मात्र १४६ टक्के जास्त. टोयोटा इथं बॅटरीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "दीड लाख तर माझे तीन वर्षांत होतेत."

मग आम्ही त्याच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं पाना खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "डिझेलचा नोझल मी अंधारात खोलतो. त्या नारंगी वायरीला मी हात लावणार नाही, आणि तुम्ही पण कुणाला लावू देऊ नका." बरोबरच होतं त्याचं. नारंगी केबलमधून जीव घेणारा दाब वाहतो. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला गार ठेवणारी हवा सीटजवळच्या जाळीतून आत जाते. ती जाळी आमच्या फुफाट्यात किती दिवस मोकळी राहील, हे अमेरिकेतली पाहणी सांगत नाही. गाडी कमी वेळा बंद पडेल हे मान्य, पण पडली तर टोचन करून थेट मोठ्या वर्कशॉपला न्यायची आणि तोवर भाडं बुडवायचं. भरवसा म्हणजे गाडी बंद न पडणं, हे कंपनीचं मोजमाप झालं. आमच्या मोजमापात बंद पडलेली गाडी किती तासांत पुन्हा रस्त्यावर येते, हेही धरावं लागतं.

इंधनाचीही एक गंमत आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. अल्कोहोलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. त्या इथेनॉलचा काही भाग उसातून येतो आणि तो ऊस तोडायला आमच्याच जिल्ह्यातली माणसं दरवर्षी घर सोडून जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये गडकरींनी इथेनॉलवरही चालणारी हायब्रिड इनोव्हा दिल्लीत दाखवली. कोयता आमचा असेल, पण त्या गाडीचा पाना कुणाच्या हातात असेल?

हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत सुमारे २०,००० कोटींच्या कारखान्याचा करार केला. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या तिथं बनायच्या आहेत. बिडकीन म्हणजे आमचा शेजार. तिथं गाड्या जुळवणारे हात लागतील, ते मिळतीलही. पण त्या गाड्या सहाव्या-सातव्या वर्षी केजच्या किंवा पाटोद्याच्या कुणाकडं जातील, तेव्हा खोलणारे हात आयटीआयमध्ये आजपासून तयार करावे लागतील. तो खर्च कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत दिसत नाही.

भावाला मी दोन्ही बाजू सांगितल्या आणि टॅक्सी पासिंगच्या गाडीला हमी किती, हे लेखी घ्यायला सांगितलं. त्यानं दहा दिवस विचार केला. मग जुन्याच गाडीचं इंजिन काम करून घेतलं. नव्या गाडीचा जो हप्ता बसला असता, त्यातला निम्मा तो दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो. मिस्त्रीचा पोरगा आयटीआयला आहे. भाऊ त्याला भेटला की विचारतो, "नारंगी वायर शिकवली का रे?" अजून नाही शिकवली.