सेल्फ घेत नाही

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अकोल्यात थंडी पडू लागली की माझा फोन पहाटे सहापासून वाजायला लागतो. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा एकच बोलतो, "भाऊ, गाडी सेल्फ घेत नाहीये. बॅटरी गेली. येताना नवीनच घेऊन या." कुणाला रेल्वे गाठायची असते, कुणाला घरातलं आजारी माणूस दवाखान्यात न्यायचं असतं. मी म्हणतो, घरातल्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही फोन बॉनेटजवळ धरा.

त्या आवाजावर माझं निम्मं काम होतं. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर सोलेनॉइड ओढतोय पण व्होल्टेज टिकत नाही, म्हणून तो सुटतो आणि परत ओढतो. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जाड 'टक' आणि मग शांतता, तर सेल्फ मोटरवर संशय घ्यायचा. इंजिन जोमाने फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी आपलं काम चोख करते आहे. पेट्रोल नाही तर स्पार्क, दुसरीकडे कुठेतरी घोळ आहे. काहीच आवाज नाही, डॅशबोर्डवर एक दिवाही लागत नाही, तर मी आधी टर्मिनल हाताने हलवून पाहायला लावतो. कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुरू झाल्या आहेत.

या कामात मला सव्वीस वर्षं झाली. गाडी सुरू होत नाही म्हणजे बॅटरी गेली, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे, आणि आमच्या धंद्यातल्या काहींना ते सोयीचंही पडतं. मला ते पटत नाही. नवी बॅटरी निवडायची वेळ सगळ्यात शेवटी येते. आधी जुनी कशाने मेली ते कळलं पाहिजे. ते न कळता बसवलेली नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. त्यांनी हँडल मारायच्या गाड्यांपासून काम केलं होतं. ॲम्बॅसडर, जुन्या जीप. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. त्या काळी बॅटरी बसली तरी माणसाच्या हातात काहीतरी उरत असे. कॅडिलॅकने १९१२ साली विजेवर चालणारा सेल्फ गाडीत आणला आणि हळूहळू सगळं ओझं या एका डब्यावर आलं. डबा मात्र आतून फारसा बदललेला नाही. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पहिली परत चार्ज होणारी बॅटरी केली. तेच शिसं आणि तेच ॲसिड आज तुमच्या बॉनेटखाली आहे. सहा सेल, प्रत्येकाचे दोन व्होल्टच्या थोडे वर, मिळून १२.६.

दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. आठ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी. दीड वर्षात दोन नव्या बॅटऱ्या घातल्या होत्या आणि तिसरी घ्यायची तयारी होती. म्हणाले, "बाळा, आता चांगल्यातली दे. महाग असली तरी चालेल." दोन्ही वेळा वॉरंटीत नाकारलं होतं, कारण बॅटरी खराब नाही, नुसती उतरलेली आहे असा शेरा मिळाला होता. गुरुजींना वाटत होतं आपल्याला फसवलं. मला मात्र तो शेरा महत्त्वाचा वाटला.

मीटर लावला, ११.७ व्होल्ट. जवळजवळ रिकामी. बॅटरी दुकानात आणली आणि रात्रभर साडेतीन अँपिअरवर चार्जिंगला लावली. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला क्षमतेचा दहावा भाग, एवढाच करंट द्यावा. घाईने जोरात चार्ज केली की आतले पत्रे तापतात. सकाळी काढून दोन-तीन तास तशीच ठेवली, कारण चार्जरवरून उतरल्या उतरल्या येणारं व्होल्टेज फुगलेलं असतं. मग मोजलं, १२.६. लोड टेस्टर लावला, काटा १०.२ वर थांबला आणि तिथेच राहिला. साडेनऊच्या आसपास किंवा खाली घसरला असता तर मी नवी घ्या म्हटलं असतं. बॅटरी धडधाकट होती.

मग गाडीपाशी गेलो. निगेटिव्हची वायर काढली आणि टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर जोडला. दारं बंद, किल्ली बाहेर. अर्धा तास वाट पाहिली, कारण आजकालच्या गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला वेळ घेतात. गाडी उभी असताना ५० मिलिअँपिअरच्या आत करंट गेला तर हरकत नाही, घड्याळ आणि मेमरीला तेवढा लागतोच. मीटर दाखवत होता ३५०. एकेक फ्यूज उपसत गेलो. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढला आणि आकडा धपकन २० वर आला. बाहेरून बसवलेला अँप्लिफायर होता, त्याची किल्लीवर चालायची वायर कुणीतरी कायम चालू असलेल्या वायरीला पिळून जोडली होती. गाडी गॅरेजमध्ये उभी आणि अँप्लिफायर रात्रंदिवस जागा.

गुरुजींना मी वहीच्या पानावर हिशोब करून दाखवला. ०.३५ गुणिले २४, म्हणजे दिवसाला ८.४ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. चार दिवसांत रिकामी. गुरुजी गाडी काढायचे पंधरा दिवसांतून एकदा, देवळापर्यंत. त्यांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं. वायर बदलायला मला वीस मिनिटं लागली. त्याच बॅटरीवर ती गाडी आजही चालते.

उतरलेली बॅटरी तशीच पडून राहणं हे सगळ्यात वाईट. पत्र्यांवर जमलेलं लेड सल्फेट दिवसेंदिवस कडक होत जातं आणि मग कितीही चार्ज करा, ते परत विरघळत नाही. म्हणून महिनाभर गावाला जाणार असाल तर निगेटिव्हची वायर काढून जा.

आता खरोखर मेलेली बॅटरी. रात्रभर चार्ज करूनही साडेदहाच्या वर जात नाही, म्हणजे सहातला एक सेल मेला. झाकणं उघडता येतील अशी असली तर हायड्रोमीटरने कळतं : पाच सेल १.२६० दाखवतात आणि एक १.१३० वर बसलेला असतो. तिथे माया करण्यात अर्थ नाही. सीलबंद बॅटरीवर हिरवा डोळा असतो, त्यावर लोकांचा फार विश्वास. तो डोळा फक्त एका सेलचं सांगतो, उरलेल्या पाचांचं नाही.

आमच्याकडे मारेकरी ओळखीचा आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. बॉनेटखाली काय होत असेल त्याची कल्पना करा. उष्णतेने आतली जाळी झिजते, पाणी उडतं. दर दहा अंशांनी आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. म्हणजे बॅटरी मारली जाते उन्हाळ्यात, कळतं डिसेंबरात, जेव्हा ऑइल घट्ट झालेलं असतं आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. लोक थंडीला दोष देतात. थंड हवेच्या गावात पाच वर्षं चालणारी बॅटरी माझ्या गिऱ्हाइकांकडे तीन-साडेतीन वर्षांत थकते, आणि ती खराब निघाली असं मी म्हणत नाही.

नवी घ्यायची ठरलं की माणसं पहिला प्रश्न कंपनीचा विचारतात. मी विचारतो जुनीवरचा नंबर. समजा ३८ बी २० एल. पहिला आकडा ताकदीची प्रत सांगतो, बी हा रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर पॉझिटिव्ह टोक कोणत्या बाजूला ते. हे शेवटचं अक्षर चुकलं तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून पोचवली तर ती कशावर तरी घासत राहते. युरोपीय घडणीच्या गाड्यांना 'डिन' मापाची लागते, तिची टर्मिनलं खोलगट भागात असतात. एकाच मॉडेलची पेट्रोल आणि डिझेल गाडी असली तरी डिझेलला मोठी लागते, कारण तिथे दाब जास्त आणि ग्लो प्लगही करंट खातात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच घ्या. साधी घातली तर पैसे वाया जातील.

"थोडी मोठीच टाका ना," असं बरेच जण म्हणतात. अँपिअर थोडे जास्त असल्याने अल्टरनेटर जळत नाही, ती भीती खोटी आहे. खरी अडचण बसण्याची आहे. एका गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला मी रुपयाएवढा काळा डाग पाहिला आहे. उंच बॅटरी घातली होती, वरची पट्टी नीट आवळली नव्हती, खड्ड्यात उसळून पॉझिटिव्ह टोक बॉनेटला भिडलं. नशिबाने आग लागली नाही. हाताने हलवून हलणारी बॅटरी मी गाडीत कधीच सोडत नाही.

मग तारीख. बॅटरी रॅकवर बसूनही उतरते. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा, आणि बसवण्याआधी समोर मीटर लावायला सांगा. साडेबाराच्या खाली असेल तर चार्ज करूनच घ्या. वॉरंटीचे महिने वाचताना पूर्ण बदलून मिळण्याचे किती आणि हिशोबाने सूट मिळण्याचे किती, हे वेगवेगळं विचारा. कार्डावर तारीख, गाडी नंबर आणि शिक्का दुकानातच घ्या. कंपनीचं विचाराल तर नावाजलेल्या दोन-तीनांपैकी ज्याचं दुकान तुमच्या गावात वॉरंटी निस्तरून देतं, ती.

बसवून झालं तरी मी निघत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवेत. कमी असेल तर नवीही उपाशी राहील, जास्त असेल तर उकळेल. आणि सेल्फ मारताना निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरतो. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब.

ही शेवटची तपासणी मी एका चुकीनंतर सुरू केली. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका माणसाला मी घाईत नवी बॅटरी घालून दिली. जुनी कमजोर होती हे खरं, पण इंजिनची अर्थ पट्टीही आतून सडली होती आणि मी ती पाहिलीच नाही. नव्या बॅटरीच्या जोरावर आठवडाभर चाललं. मग अकोट-धारणी रस्त्यावर, मेळघाटाच्या जंगलात, संध्याकाळी गाडी बंद पडली ती पडली. सोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी. रात्री दहाला एका ट्रकवाल्याने त्यांना गावापर्यंत आणलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला, ओरडला नाही, फक्त सगळं सांगितलं. शंभर-दीडशे रुपयांची पट्टी होती. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

जुनी बॅटरी घरी नेऊ नका, आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून भंगारवाल्यालाही देऊ नका. नाल्याकाठी ती फोडतात, ॲसिड ओततात आणि उघड्यावर शिसं वितळवतात. त्या धुरात आणि मातीत तिथलीच मुलं खेळतात, आणि शिसं मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घेऊन नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवायच्या, असा नियम २००१ साली झाला. २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी मुख्यतः बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. जुनी विक्रेत्यालाच द्या आणि नव्या बिलात तिची किंमत वजा करून घ्या.

आज तुमची गाडी एका फटक्यात सुरू झाली असेल, तर आजच बॉनेट उघडा. बॅटरीवरचा नंबर, बसवल्याची तारीख आणि टर्मिनलं यांचा एक फोटो काढून फोनमध्ये ठेवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा आणि वर व्हॅसलिन लावा. वायर काढायची झाली तर आधी निगेटिव्ह काढा आणि लावताना ती शेवटी लावा. डिसेंबरात पहाटे मला फोन कराल, तेव्हा मी पहिल्यांदा तो फोटोच मागणार आहे.