सतरावे पान

यादी हा शब्द ऐकून कोणाचे मन रमावे, असे त्यात काही नाही. वाण्याची यादी, लग्नाच्या आमंत्रणांची यादी, शाळेच्या पटावरील नावांची यादी. यांपैकी एकही कोणी हौसेने वाचीत नाही. माझे उभे आयुष्य मात्र एका यादीच्या सोबतीने गेले आहे. विजेच्या पॅनेलची ड्रॉइंग तयार करणे हा माझा व्यवसाय. एका पॅनेलचे ड्रॉइंग म्हणजे एकच कागद नव्हे. वीस, चाळीस, कधी शंभर पानांचा तो एक ग्रंथच असतो आणि त्या ग्रंथाच्या प्रारंभी पानांची यादी असते. ही यादी पाहावी कशी, हे मला वयाच्या पन्नाशीत एका वायरमनने शिकविले, तेही कडेगावात.

कडेगाव हे सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. मोहरमातील त्याच्या गगनचुंबी ताबुतांची आणि त्या ताबुतांच्या भेटींची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तो सोहळा आपलाच मानतात. बाकी मुलूख कमी पावसाचा. कृष्णामाई फार दूर नाही, परंतु ती खाली वाहते आणि शेते वर आहेत. त्यामुळे येथे पाणी वाहत येत नाही, ते चढवावे लागते. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेणारी मोठी योजना १९९६ साली हाती घेण्यात आली. तिच्याखेरीज शेतकऱ्यांनी मिळून चालविलेल्या लहान-लहान उपसा संस्थाही या भागात आहेत. जवळच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ओसाड माळावर वसविलेली ही कारखान्याची वसाहत पुढे पंपांसाठी देशभर प्रसिद्ध झाली. यंत्राचे कौतुक आणि पाण्याची किंमत, या दोन्ही गोष्टी इथल्या माणसाला वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत.

२०१३ सालचा मार्च महिना होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि सांगली-साताऱ्याच्या पूर्वेकडे टँकर धावत होते. तालुक्यातील अशाच एका उपसा संस्थेच्या पंपगृहासाठी आम्ही पॅनेल तयार केले होते. तीन पंप, तीन स्टार्टर आणि अडतीस पानांची ड्रॉइंग. ती माझ्या देखरेखीखाली तयार झाली होती, म्हणून पॅनेल चालू करण्याच्या वेळी मी जातीने गेलो. झावळ्यांच्या रविवारची मिस्सा सांगलीच्या चर्चमध्ये ऐकली आणि सोमवारी सकाळच्या एस.टी.ने कडेगाव गाठले. ‘पवित्र आठवड्यात घरापासून दूर राहावे लागते आहे,’ अशी थोडी कुरकुर मनात होती. ती पंपगृहाच्या दारात उभे असलेले शेतकरी पाहताच विरली. कोणी काही बोलत नव्हते. ते नुसते वाट पाहत होते.

संस्थेचा वायरमन साठीकडे झुकलेला होता. गाव त्याला चाचा म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. एका कप्प्यातील काही जोडण्या आवळायच्या होत्या. चाचांनी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातले, किल्ली खिशात ठेवली. आमच्या ड्रॉइंगप्रमाणे आता त्या कप्प्यात वीज असण्याचे कारण नव्हते. मी तसे सांगितलेही. चाचांनी मान डोलावली आणि तरीही खिशातून टेस्टर काढून एकेका टर्मिनलला लावीत गेले. शेवटून दुसऱ्या टर्मिनलवर टेस्टर उजळला.

“साहेब,” ते शांतपणे म्हणाले, “कागदात मेल्यालं हाय, पर हितं जित्तं हाय.”

मी घाईने पाने उलटू लागलो. चौदा, पंधरा, सोळा, अठरा. सतरावे पान नव्हतेच.

त्या पानावर काय होते, ते मला ठाऊक होते. पॅनेलमध्ये दमट हवेने पाणी धरू नये म्हणून एक लहानसा हीटर बसवितात आणि आत काम करताना उजेड हवा म्हणून एक दिवाही असतो. या दोहोंना २३० व्होल्टची वीज बाहेरून, दुसऱ्या वाटेने दिलेली असते. कारण उघड आहे. पंप बंद असतानाच हीटर चालू हवा. म्हणूनच मेन स्विच पाडला तरी ती दोन टर्मिनले जिवंत राहतात आणि म्हणूनच तेथे धोक्याची पट्टी लावावी लागते. आमच्या पॅनेलवर ती पट्टीही नव्हती. पट्ट्यांचा तक्ता संगणक ड्रॉइंगमधूनच काढतो. जे पान त्याच्या यादीत नाही, त्यातील पट्टी तो कोठून आणणार? कारखान्यात जोडणी झाली होती ती एका सुट्या प्रतीवरून. तार होती, वीज होती. केवळ कागदोपत्री ती नव्हती.

मी तेथूनच कचेरीत फोन लावला. सतरावे पान ज्याने काढले होते तो मुलगा नवखा होता. त्याला मी नको ते बोललो. चारचौघांत बोललो. तो ‘सर, मी पान काढलं होतं’ एवढेच पुन्हापुन्हा म्हणत राहिला आणि मला ते निमित्त वाटले.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी संगणक उघडला. आम्ही ऑटोकॅड इलेक्ट्रिकल वापरत असू. त्यात एका कामाची सारी पाने एका प्रकल्पाखाली येतात आणि पडद्याच्या कडेला त्यांची यादी दिसते. ही यादी कधीकधी दगा देते असे आमच्या व्यवसायातील सारेच म्हणतात. अनुभवाने मला असे दिसून आले आहे की बहुतेक वेळा तिचा काही दोष नसतो. तिला जे सांगितलेले असते तेच ती सांगते.

यादीच दिसेनाशी झाली तर ती चौकट मिटलेली असते, अथवा पूर्वी जोडलेल्या दुसऱ्या पडद्याच्या बाजूला सरकून राहिलेली असते. नाव दिसते पण खाली पाने दिसत नाहीत, तेव्हा नावाशेजारचे अधिकचे चिन्ह दाबायचे राहिलेले असते. भलतीच पाने दिसली तर समजावे की चालू प्रकल्प दुसराच आहे. पानाचे नाव दिसते पण ते उघडत नाही, तेव्हा कोणीतरी फोल्डर हलविलेला असतो आणि यादी बिचारी जुन्याच पत्त्यावर दार ठोठावीत असते. अशा वेळी पान यादीतून काढून नव्या जागेवरून पुन्हा घ्यावे. यादीतून काढल्याने मूळ ड्रॉइंग पुसले जात नाही. नुसती फाइलींची नावे दिसतात, वर्णन दिसत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. यादीत काय दाखवावे हे ठरविण्याची तेथे एक स्वतंत्र खिडकी आहे. पान क्रमांक, ड्रॉइंग क्रमांक, वर्णन, विभाग यांतून हवे ते निवडावे आणि हव्या त्या क्रमाने लावावे. तरीही जागा कोरी राहिली, तर त्या पानाच्या माहितीत वर्णन भरलेलेच नाही, असे खुशाल समजावे.

आमच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. यादी उघडी होती, प्रकल्प योग्य होता, वर्णने एकाखाली एक नेटकी उभी होती. कोठे खंड दिसत नव्हता. मग मी शेवटचा उपाय केला. या प्रकल्पाची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत साठविलेली असते. तिची प्रत करून मी ती नोटपॅडमध्ये उघडली. शेजारी फोल्डर उघडला आणि एकेक नाव ताडून पाहू लागलो. फोल्डरमध्ये फाइली अडतीस. यादीत नावे सदतीस. सतरावे पान फोल्डरात अगदी सुखरूप होते. मुलाने ते काढले होते, योग्य जागी ठेवलेही होते. परंतु फोल्डरात ठेवलेले पान आपोआप यादीत येत नाही. ते यादीत घालावे लागते. तेवढे राहिले होते. संगणकाने यादीतील सदतीस पाने छापली आणि आपले काम चोख केले.

पण सोळानंतर अठरा आले, हे माझ्या नजरेतून कसे सुटले? मी ती यादी महिनाभर रोज पाहत होतो. उत्तर शोधायला त्या खिडकीत गेलो आणि तेथे मला मीच भेटलो. काही महिन्यांपूर्वी यादी फार गजबजलेली दिसते म्हणून पान क्रमांकाचा रकाना मीच काढून टाकला होता. नुसती वर्णने ठेवली होती. वर्णनांची यादी डोळ्यांना सुबक दिसे. परंतु वर्णनांमध्ये खंड पडत नाही. खंड पडतो तो आकड्यांमध्ये. नेटकेपणाच्या हौसेपायी मी यादीची वाचाच काढून घेतली होती. मुलाची चूक एका क्षणाच्या विसराळूपणाची होती. ती पकडण्यासाठी मला नेमले होते आणि मी पकडण्याचे साधनच मोडून ठेवले होते.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी मुलाला पुन्हा फोन केला. काय घडले ते सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. तो गडबडून म्हणाला, “नाही सर, चूक माझीच आहे.” एका चुकीचे दोन मालक झाले होते. इतके असूनही आम्हा दोघांना त्या रात्री हलके वाटले. दुसऱ्या दिवशी कचेरीत ज्यांनी माझे आदले बोलणे ऐकले होते, त्यांनाही मी हे फोनवरून कळविले. कारण अपमान चारचौघांत करावा आणि क्षमा एकांतात मागावी, हा न्याय नव्हे. उपवासकाळात मी जे प्रायश्चित्त केले, त्यात हेच मला सर्वांत जड गेले.

झोप येईना तेव्हा आमच्या जुन्या कचेरीतील काका आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता. ऑटोकॅड १९८२ साली जगात आले असले तरी आमच्या टेबलापर्यंत यायला त्याला बरीच वर्षे लागली. ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनाने ड्रॉइंग काढीत. काकांकडे एक जाडजूड नोंदवही असे. क्रमांक, नाव, तारीख, सही. रोज संध्याकाळी कपाटाला कुलूप लावण्यापूर्वी काका कप्प्यातील कागद मोजीत. वही उघडीत ती कागद मोजून झाल्यावर. आम्ही पोरे हसत असू. ‘काका, सारं वहीत आहे की!’ यावर ते म्हणत, “वहीत वहीचं असतं रे, कपाटात कपाटाचं.” त्यांच्या त्या बोलण्याचा अर्थ कळायला मला पंचवीस वर्षे आणि एक टेस्टर लागला.

संत लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. शंभरातले एक हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात निघतो. प्रवचनांतून त्या शोधाविषयी पुष्कळ ऐकले. पण एक हरवले आहे हे त्याला कळले कसे, हा प्रश्न मला कडेगावच्या त्या रात्री प्रथम पडला. नव्याण्णवांचा कळप काही उणा दिसत नाही. जो हजर नाही, तो ‘मी नाही’ असे सांगायला येत नाही. त्याने मेंढरे मोजली असली पाहिजेत, तीही कळपात उभे राहून, एकेकाच्या पाठीवरून नजर फिरवून.

पुढे आमच्या धर्मग्रामात घरोघर जाऊन कुटुंबांची नोंद करण्याचे काम माझ्याकडे आले. यादी तयारच होती; ताडून पाहायची होती. मी यादी घेऊन घरे शोधण्याऐवजी गल्लीतून दार ओळीने ठोठावीत गेलो. एका घरात एक वृद्ध बाई खाटेवर होत्या. मुलाच्या घरून लेकीच्या घरी राहायला आल्या, त्याला दोन वर्षे झाली होती. तिकडच्या यादीतून नाव गेले होते, इकडच्या यादीत आले नव्हते. पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला त्याच गल्लीत येत आणि त्यांच्या दारावरून पुढे जात. त्यांची काही तक्रार नव्हती. “आपलं नाव देवाकडं असलं म्हणजे झालं,” त्या म्हणाल्या. ते खरेच होते. पण ते त्यांनी म्हणायचे होते. आम्ही म्हणून चालणार नव्हते.

त्या मंगळवारी सकाळी मी तालुक्याच्या गावातून सतरावे पान छापून आणले आणि आपल्या हाताने संचात लावले. धोक्याची पट्टी तयार होऊन येईपर्यंत लाल शाईने लिहिलेला कागद टर्मिनलांवर चिकटविला. चाचांनी तो दोनदा वाचला, पुन्हा टेस्टर लावून पाहिला आणि मगच काम पुरे केले. दुपारी पहिला पंप सुरू झाला. बराच वेळ नुसता आवाज येत राहिला. मग वरच्या अंगाला, माळावरच्या हौदापाशी कोणीतरी टोपी उंचावून हलविली. पाणी पोहोचले होते.

निघताना मी चाचांना विचारले, “माझ्यावर विश्वास नव्हता का?”

“व्हता की,” ते हसून म्हणाले. “म्हणून तर कागद वाचला. पर हात माझा हाय न्हवं?” आणि एस.टी. सुटेपर्यंत ते मला मोहरमला ताबुतांच्या भेटी पाहायला यायचे आमंत्रण देत राहिले.

आता माझ्या यादीत पान क्रमांकाचा रकाना पहिला असतो. यादी थोडी गजबजलेली दिसते. संच छपाईला जाण्यापूर्वी मी फोल्डर उघडतो आणि फाइली मोजतो. कचेरीतील मुले हसतात. त्यांना मी हसू देतो आणि मोजणे पुरे करतो.