थिजलेल्या तुपाची गोष्ट

चि. सायलीस,


सिंक पुन्हा तुंबलं आणि घरमालक तुमच्या फोडणीला बोल लावतो, असं म्हणालीस. त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. तिथलं बटर आणि बेकनची चरबी तर आपल्या गोडेतेलाच्या आधी थिजते.

तुझ्याच लंडनमधली गोष्ट. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हाइटचॅपलच्या रस्त्याखाली, गटारात, २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा गोळा सापडला. चरबी, तेल आणि ओले वाइप्स एकमेकांत रुतून दगडासारखे घट्ट झालेले. माणसं आत उतरली, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी तो फोडत राहिली. काही आठवडे गेले त्यात. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी म्युझियम ऑफ लंडनमध्ये लोकांना बघायला ठेवला होता.

चरबी एवढी कडक होते कशी? गटारात तेला-तुपातली मेदाम्लं सुटतात आणि कॅल्शियमशी जुळतात. तयार होतो तो एक प्रकारचा साबणच, पण पाण्यात न विरघळणारा. लंडनचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर. तुझ्या किटलीत पांढरा थर बसतो तो त्याचाच. शिवाय थंडी. आपल्याकडे मे महिन्यात तूप पातळच असतं, तिथे ते पाइपात उतरता उतरता गोठतं. उकळतं पाणी ओतलंस तर वितळून चार हात पुढे सरकेल आणि तिथे बसेल, एवढंच.

सिंकखालचा वाकडा पाइप मात्र बदलून सरळ करू नकोस. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये संडासासाठी तसल्या वाकणाचं पेटंट घेतलं. त्यात साठलेलं पाणी गटारातली घाण हवा घरात येऊ देत नाही. खरकटंही तिथेच अडकतं. खाली बादली ठेव, आटे सोडव, ओशट गाळ काढून टाक. आधी कॉस्टिकचं क्लीनर ओतलं असेल तर पाइपाला हात लावू नकोस, कातडी आणि डोळे भाजतील. प्लंबरला बोलाव आणि काय ओतलंय ते त्याला आधी सांग.

एरवी कढई घासण्याआधी कागदाने पुसून घे आणि कागद कचऱ्यात टाक. तळणाचं तेल गार करून बरणीत भर. सिंकच्या तोंडाला बारीक जाळी बसव. भाताची शितं आणि चहाचा चोथा तिच्यावरच राहू दे. वाइप्सवर काहीही छापलेलं असो, संडासात टाकायचे नाहीत.

शेजारच्या खोलीतल्या मुलींनाही हे समजावून सांग. पाइप सगळ्यांचा एकच आहे.

तुझी,
मावशी