काळूची पहिली सुई

काळू आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. अंग काळंभोर, भुवयांवर दोन तांबूस ठिपके आणि पोट नगाऱ्यासारखं. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणत, काय गुटगुटीत आहे! त्याची भावंडं मात्र रक्ताच्या हगवणीनं एकामागून एक गेली होती. म्हणून आईनं त्याला पिशवीत घातलं आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो.

साताऱ्याकडचा तो सरकारी दवाखाना. दारात लोखंडी खोडा, त्यात अडकवलेली म्हैस, फिनेलचा आणि शेणाचा मिसळलेला वास. डॉक्टरांनी काळूला टेबलावर घेतलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. फिक्या होत्या. पोट दाबून म्हणाले, "हे बाळसं नाही काकू, जंत आहेत. पिल्लू आईच्या पोटात असतानाच शिरतात." औषध वजनावर द्यायचं होतं आणि तिथला काटा गुरांचा. मग शेजारच्या वाण्याच्या तराजूत काळू पिशवीसकट बसला.

त्यानंतर लस. एकदा टोचून भागणार नाही, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत यावं लागेल, हे ऐकून आई विचारात पडली. एवढ्या खेपा कशाला? डॉक्टरांनी तिला तिच्याच गोठ्यातलं उदाहरण दिलं. वासराला चीक पाजतो तो कशासाठी? रोगाशी लढायची ताकद त्यातून मिळते. पिल्लालाही ती आईच्या चिकातून मिळते, पण काही आठवड्यांत ओसरते. ती अंगात आहे तोवर लसीला काम करू देत नाही, आणि ओसरली की पिल्लू उघडं पडतं. कुठल्या पिल्लाची कधी ओसरेल ते बाहेरून कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. खरवसासाठी वासराचा चीक कधीही न तोडणारी माझी आई हे ऐकताक्षणी समजली. इतकं नेमकं समजावणारा माणूस मला पुढे फार थोड्या ठिकाणी भेटला.

घरी आजोबा म्हणाले, "आमच्या वक्ताला कुठं हुत्या कुत्र्याला सुया?" पुढच्या खेपेला तेच बरोबर आले आणि डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की हगवणीचा हा पार्वो रोगच मुळी 1978 च्या सुमारास जगात पसरला. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलांना चिकटून घरात येतो. त्या दिवसापासून आजोबा स्वतः पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चपला अंगणाबाहेर काढायला लावत. लसी पुऱ्या होईपर्यंत काळूनं गल्ली पाहिली नाही.

तीन महिन्यांचा झाल्यावर पिसाळण्याविरुद्धची सुई झाली, ती पुढे दरवर्षी. घरात लहान मुलं, तेव्हा ती चुकवणं आईला कधीच मान्य नव्हतं.

काळू चौदा वर्षं जगला. ऊसतोडीच्या दिवसांत रात्रभर मळ्यावर राहिला, आजोबांच्या पायाशी म्हातारा झाला. दवाखान्याला तो कधी भ्याला नाही, खोड्याजवळ जाऊन आपणहून उभा राही.

आता गल्लीत कुणी पिल्लू उचलून आणलं, की आई नाव विचारायच्या आधी त्याच्या हिरड्या बघते आणि पहिली सुई कधी देणार ते विचारते.