गासचं बावखल

वीकेंड म्हटलं की आपल्याला लोणावळा आठवतं, नाहीतर अलिबाग. मी मात्र गेल्या वर्षी दोन वीकेंड गासला घालवले. गास कुठे? नालासोपारा पश्चिमेला उतरा, रिक्षा पकडा. अशोकाचा शिलालेख जिथे सापडला त्या प्राचीन सोपाऱ्यातून पुढे निघालात की टॉवर संपतात आणि चक्क केळीच्या बागा सुरू होतात. मी सात वर्षं नालासोपाऱ्यात राहतोय, पण आमच्या बिल्डिंगच्या पलीकडे कधी गेलोच नव्हतो!

पहिली खेप मे महिन्यातली. ऑफिसमधल्या मित्राचं घर तिथलं. अंगणात विहीर, मागे वाडी आणि वाडीच्या टोकाला बावखल. बावखल ही वसईची खासियत. हाताने खणलेलं, मातीच्या काठांचं छोटं तळं. पावसाळ्यात भरायचं, मग हळूहळू झिरपून विहिरींना गोडं पाणी द्यायचं. पूर्वी इथे बैल जुंपून रहाट चालायचे, मग पंप आले.

आजीने तांब्याभर पाणी दिलं. विहिरीचं नव्हे, विकतच्या जारचं! विहिरीचं मचूळ झालंय. गणित सोपं आहे. किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं जास्त उपसलं की खालचं वर सरकतं.

"तुम्ही राहता कुठे?" आजी कुपारीत बोलत होत्या, मित्र मराठीत सांगत होता.

"सोपाऱ्यालाच. आमच्याकडे टँकर येतो," मी सहज बोलून गेलो. कोणीच काही बोललं नाही. वसईच्या विहिरींमधून टँकर भरून नेण्याविरुद्ध ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली होती, हे मित्राने मला परतीच्या रिक्षात सांगितलं. आमच्या टँकरचं पाणी कुठून येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसरी खेप जुलैमधली. यावेळी रस्त्यावर गुडघाभर पाणी! रिक्षावाल्याने अर्ध्यातच हात जोडले. पँट दुमडून निघालो. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. तिथलं पाणी नाल्यांमधून, रेल्वेखालून पश्चिमेला येतं आणि खाडीकडे जातं. वाटेतल्या मिठागरांवर, शेतांवर पूर्वी ते पसरायचं. आता तिथे मातीचा भराव आहे आणि भरावावर आम्ही. जुलै 2018 मध्ये रुळ बुडाले, लोकल ठप्प झाल्या, मिठागरांत माणसं अडकली. आठवतंय ना?

"पूर्वी पाऊस आठ-आठ दिवस रिपरिपायचा. आता एका रात्रीत येतो नि जातो," आजी म्हणाल्या. पुण्याच्या आयआयटीएममधले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जवळपास हेच मांडलं. मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या, एकूण मान्सून मात्र घटला. धो धो पाऊस जमिनीत मुरत नाही, वाहून जातो. म्हणून जुलैत पूर आणि मेमध्ये जार. वाहतं पाणी थोडं थोपवून मुरवायला बावखलच हवं.

आणि नेमकं तेच बुजवायचं घाटतंय. मित्राच्या काकांना तिथे भराव टाकून जागा विकायची आहे. त्यांच्या मुलीचं परदेशी शिक्षण, डोक्यावरचं कर्ज... त्यांना दोष कसा देणार? तो भराव झाला की तिथेही माझ्यासारखाच कुणीतरी ईएमआय भरत राहायला येणार. आजी सही करायला तयार नाहीत. अजून तरी.

मी एवढंच केलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन प्रश्न विचारले. टँकर कुठे भरतो? आणि गच्चीवरचं पाणी गटारात का जातं? सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मीटिंगला बघू. मी विषयपत्रिकेत लिहून घ्यायला लावलंय.

तुम्हीही जा गासला. पावसाने चांगला जोर धरला की जा. बावखल काठोकाठ भरलेलं दिसेल. दिसलं, तर समजा आजींनी अजून सही केलेली नाही.